कानामागची मुंडावळी

संपादकबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं लग्नांच्या फिल्म्स केल्यात, दिवाळीत लोकांना वाचायला काहीतरी हलकंफुलकं लिहा." हलकंफुलकं लिहायला बसले आणि तासाभरात चार वेळा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराची कडी बघायला आणि दोनदा उगाचच. मला स्वस्थ बसता येत नाही हे आमच्या घरी जगजाहीर आहे, पण या खेपेला कारण वेगळं होतं. धंद्यातली कुठलीही गंमत आठवायला घेतली की मध्ये मुग्धाचा चेहरा यायचा. तेव्हा तिचंच सांगते. गमती वाटेत येतील तशा येतील.

मी एडिटर. लग्नात कॅमेरा खांद्यावर घेऊन पाहुण्यांच्या पायावर पाय देत फिरतात ती माणसं वेगळी. ती जे जमवून आणतात ते घरी बसून कापायचं आणि जोडायचं, हे माझं काम. सुरुवात केली तेव्हा व्हिडिओ कॅसेटचा जमाना होता. दिल्लीत लजपत नगरच्या एका तळघरात बसून नवरानवरीचे चेहरे बदामाच्या आकारात बसवायचे, बदाम गरगर फिरवायचा आणि त्यातून सासूबाई बाहेर काढायच्या. लोकांना ते फार आवडायचं. आता बदाम गेले. आता प्रत्येकाला आपलं लग्न सिनेमासारखं दिसायला हवं असतं.

सिनेमा मी शिकले तो सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वडील केंद्र सरकारात होते. आमच्या ब्लॉकमध्ये टीव्ही एकाच घरी, आणि रविवारच्या हिंदी सिनेमाला सगळा ब्लॉक त्या घरच्या सतरंजीवर. बाकीच्या मुली नायिकेची साडी बघायच्या. मी बघायची, वारा कुठून येतोय. बंद खोलीतसुद्धा तिचे केस उडायचे आणि त्या प्रश्नाने मला झोप लागायची नाही. पंखा असतो हे फार पुढे कळलं. पण त्याआधी एक गोष्ट माझी मीच हुडकली होती. नायक बघतो. मग एकटी नायिका दिसते. मग पुन्हा एकटा नायक. दोघं एका चौकटीत नसतातच बहुतेक वेळा. तो तिच्याकडे बघतोय हे आपण ठरवतो आणि रुमाल आपलाच भिजतो.

सगळा धंदा मी त्या एका गोष्टीवर केला. लग्नाच्या फिल्ममध्ये जेवणाची टेबलं, आहेर, मामा, आत्या सगळं लागतं, पण रडवते ती नजर. नवऱ्याने नवरीकडे टाकलेली पहिली नजर मिळाली की फिल्म झाली. ती अर्ध्या वेगाने दाखवायची, पापणी लवायच्या आत कापायची आणि रंग थोडा सोनेरी करायचा. घरची मंडळी नाक पुसायला लागतात.

अडचण अशी की ही नजर कॅमेऱ्यात येतच नाही. ऐन वेळी कुणीतरी मावसा मोबाईल उंच करून मध्ये उभा राहतो. नाहीतर नवरा बघतच नाही. त्याला बूट चावत असतो किंवा भूक लागलेली असते. मग आम्ही नजर उसनी घेतो. त्याच लग्नातली दुसऱ्या वेळची, दुसऱ्याच कशाकडे बघताना टिपलेली. मी अशा सुट्या नजरांचा एक फोल्डर ठेवायची, त्याला 'डबा' म्हणायची. मिसळणाच्या डब्यात हात घालावा तसा मी त्यात हात घालायची. गाझियाबादच्या एका नवऱ्याची नवरीकडे बघतानाची जी नजर बघून दोन्हीकडच्या आज्या रडल्या, ती प्रत्यक्षात गुलाबजामच्या ताटाकडे होती. मी आणि तिथला कॅमेरामन, आम्ही दोघं सोडून हे कुणालाच माहीत नाही. त्यांना आता जुळी मुलं आहेत.

एक गिऱ्हाईक मात्र असं भेटलं की डबा उघडावाच लागला नाही. सरोजिनी नगरचेच शेजारी, निवृत्त जोडपं. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला काकूंना सिनेमातल्यासारखं गाणं हवं होतं. त्यांनी मार्केटमधून घासाघीस करून गुलाबी शिफॉनची साडी आणली. लोधी बागेत आम्ही त्यांना उभं केलं, कॅमेरामन म्हणाला, "अंकल, आंटी को प्यार से देखिए," आणि काका हसायला लागले. सकाळचा सगळा उजेड त्यांच्या हसण्यात गेला. काकू चिडून म्हणाल्या, "पस्तीस वर्षं हेच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं." ती फिल्म मला एकदाही कापावीशी वाटली नाही, आणि त्यांना ती मुळीच आवडली नाही.

आता मुग्धा. तिची आई वंदनाताई आणि मी गाझियाबादच्या आमच्या मराठी मंडळात वीस वर्षं बरोबर. गणपतीत मोदक वळायला एका ताटावर बसणाऱ्या. मुग्धा माझ्यासमोर वाढली. मराठी बोलते पण निम्मं हिंदी, आणि शब्द अडला की "काकू, ते काय म्हणतात यार" असं म्हणून हात हलवते. तिला गुरुग्रामला नोकरी लागली, तिथेच साहिल भेटला. साहिल पंजाबी. उंच, देखणा, कुणाशीही गोड बोलणारा मुलगा. दोघांना सिनेमाचं वेड. लग्नाआधीची फिल्म माझ्याकडूनच करून घेतली. डिसेंबरच्या धुक्यात, अरवलीच्या कडेला, मुग्धा पातळ पिवळ्या साडीत आणि समोर मोठा पंखा. तिला ताप होता. नाकाचा शेंडा लाल झाला होता, तो मी नंतर रंग करताना उतरवला. ओठ निळे पडले होते, ते गुलाबी केले. पदर इतका सुरेख उडाला होता की मी स्वतः तो तुकडा वीसदा बघितला. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून इतकी सुंदर बाई पुन्हा झाली नाही.

लग्न गुरुग्रामच्या एका फार्महाउसवर. सकाळी मराठी विधी, मग पंजाबी. स्टेजच्या एका बाजूला भिंतीएवढा पडदा लावला होता. नवरी येईपर्यंत त्यावर ही पिवळ्या साडीची फिल्म चालू होती आणि नंतर स्टेजवर जे चाललंय तेच त्यावर थेट दिसत होतं. मुहूर्ताला अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अंतरपाट दूर झाला आणि सगळ्यांनी एकदम अक्षता टाकल्या.

मराठी लग्नाच्या फिल्मचा जीव त्या एका क्षणात असतो, हे वाचकांना काय सांगायचं. कापड बाजूला होतं आणि समोर माणूस दिसतो. मुग्धाची नजर आमच्या एका कॅमेऱ्याला स्वच्छ मिळाली होती. साहिलची दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपली होती, पण ती चालण्यासारखी नव्हती. तो वर बघत होता. पडद्यावर स्वतःकडे, मुंडावळ्या सरळ आहेत का ते.

मी डबा उघडला. अर्ध्या तासापूर्वीचा एक तुकडा त्यात होता. साहिल स्टेजवर एकटा उभा, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि डोळे भरून आलेले. सिनेमातल्या कुठल्याही नायकाने द्यावी अशी नजर, पूर्ण चार सेकंद. कपडे तेच, उजेड तोच. मी ती उचलून मुग्धाच्या नजरेनंतर लावली, अर्ध्या वेगाने आठ सेकंद, खाली सनई. फिल्म दिली त्या दिवशी वंदनाताई मला मिठी मारून रडल्या. मला वाटलं, निवृत्त व्हायला हरकत नाही.

गेल्या पावसाळ्यात, लग्नाला तीन वर्षं होऊन गेल्यावर, मुग्धा एकटी घरी आली. चहा घेतला नाही. आमच्या ह्यांनी दार उघडलं, ते शब्दकोडं घेऊन आत गेले.

"काकू, माझ्या लग्नाचं सगळं शूट आहे का तुमच्याकडे? न कापलेलं?"

"का गं?"

"परवा मावशी आली होती. आम्ही फिल्म बघत होतो. ती म्हणाली, अंतरपाट धरायच्या आधी साहिलची मुंडावळी कानामागे अडकली होती, ती मी स्वतः सोडवली. मग इथे ती परत कानामागे कशी गेली?"

माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली. तीस वर्षं काम केलेल्या बाईने हे बघितलं नव्हतं. मोत्यांची ती सर आठ सेकंद डाव्या कानामागे होती, आणि त्याच्या आधी आणि नंतर गालावर. मी डोळ्यांत इतकी बुडले होते की कानाकडे लक्षच गेलं नाही.

"मला आठवतं, काकू," ती म्हणाली. "अंतरपाट गेला तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते. आणि तो बघत नव्हता. मला एकदम पक्कं आठवत होतं. मग फिल्म आली आणि त्यात तो बघतोय. रडतोय. मग मला वाटलं, मीच चुकले असेन. टेन्शनमध्ये होते, मुंडावळ्या डोळ्यांवर होत्या. तेव्हापासून हेच चाललंय. तो जेवताना बघत नाही, मी आजारी असले तरी बघत नाही, बोलतो छान, पण बघत नाही. मी आईला सांगितलं की आई फिल्म लावते. म्हणते, बघ, हा मुलगा तुझ्याकडे कसा बघतोय, तुझंच काहीतरी बिनसलंय. आणि मलाही तेच वाटतं. त्या आठ सेकंदांवर मी तीन वर्षं काढली. मला फक्त बघायचंय, मी तेव्हा बरोबर बघितलं होतं की नाही."

मी म्हणाले, "अगं, सहा महिन्यांनी सगळं पुसतो आम्ही. डिस्क परत वापरावी लागते."

धंद्याचा नियम तोच आहे, त्यामुळे वाक्य खरं वाटलं. पण तिचं लग्न मी पुसलं नव्हतं. पिवळ्या साडीपायी ठेवलं होतं, अगदी सगळं. ती "अच्छा" म्हणाली आणि उठली. जाताना चपला घालताना म्हणाली, "मग मीच चुकले असेन."

खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय केलं ते मला धड सांगता येणार नाही. कपाटं आवरली. मेट्रोने कारण नसताना टोकापर्यंत गेले आणि परत आले, समोरच्या बाकांवरच्या जोडप्यांच्या नजरा मोजत. कोण कुणाकडे बघतंय, कोण मोबाईलकडे, कोण खिडकीतल्या स्वतःकडे. घरी आले की ह्यांच्याकडे बघायची. शेवटी ते म्हणाले, "तू माझ्याकडे बघतेस की फ्रेम लावतेस?" मी चिडले, कारण मी फ्रेमच लावत होते.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. चार शब्दांत उत्तर देणारा माणूस. म्हणाले, "वंदनाताई बोलणार नाहीत तुझ्याशी." मी म्हटलं, ते तर आहेच. "आणि संसार मोडला तर तुझ्या नावावर येईल." मी म्हटलं, जोडला होता तोही माझ्याच नावावर आहे. त्यावर त्यांनी शब्दकोडं पुढे ओढलं. पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरची डिस्कची पेटी त्यांनीच काढून दिली.

मी मुग्धाला फोन केला. म्हटलं, खोटं बोलले, ये.

ती ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली. दुपारची वेळ, पडदे ओढून घेतले, ती माझ्या खुर्चीत बसली आणि मी शेजारी स्टुलावर. आधी अंतरपाटाचा क्षण लावला. कापड बाजूला झालं. अक्षता. साहिलचे डोळे वर, पडद्याकडे. एकदा त्याने मान किंचित तिरकी करून स्वतःची मुंडावळी बघितली. मोत्यांची सर गालावरच होती.

मुग्धाने हात वर केला, थांबवा म्हणून. मी थांबवलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने एवढा मोठा श्वास सोडला की मी पाण्यासाठी उठले. ती म्हणाली, "बसा ना, काकू. मी ठीक आहे. मी बरोबर होते."

हे तिने तीनदा म्हटलं. मी बरोबर होते.

मग म्हणाली, "आणि ती दुसरी? ती रडणारी कुठली आहे?"

ती दाखवायची माझी तयारी नव्हती. पण आता अर्धं सांगून काय उपयोग. लावली. साहिल एकटा, मुंडावळी कानामागे, डोळे भरलेले. कॅमेरा हळूहळू मागे आला आणि चौकटीत पडदा शिरला. पडद्यावर धुकं, उडणारा पिवळा पदर, आणि वळून बघणारी मुग्धा.

मला एकदम बरं वाटलं. मी म्हणाले, "हे बघ, तुझ्याकडेच बघतोय तो. मी अगदीच काही खोटं केलं नाही गं."

ती बराच वेळ त्या पिवळ्या मुग्धाकडे बघत राहिली. मग मान हलवली. "ही मी नाहीये, काकू. मला त्या दिवशी ताप होता. माझं नाक लाल होतं. हिला तुम्ही बनवलंय." पडद्याकडे बोट करून म्हणाली, "तो हिच्याशी लग्न करायला आला होता. मग मी आले."

साहिलची बाजू घेऊन मी काहीतरी बोलले. वाईट मुलगा नाही तो, असं. ती म्हणाली, "बिल्कुल नाही. चांगलाच आहे. सगळ्यांशीच चांगला आहे." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. मुग्धा आता गुरुग्राममध्येच दुसऱ्या सेक्टरला एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. साहिलशी ती अजून फोनवर बोलते, वकिलापर्यंत गेलेले नाहीत, आणि काय होणार ते त्या दोघांनाही माहीत नसावं. वंदनाताई यंदा गणपतीत दुसऱ्या ताटावर बसल्या. मंडळात दोन बायका मला म्हणाल्या, "कशाला सांगायचं होतं? झाकली मूठ बरी." बरी असेल. मी अजून रोज त्याचा विचार करते आणि रोज वेगळं उत्तर येतं. सांगितलं याचा मला पश्चात्ताप नाही. केलं याचा आहे. गुलाबजामवाल्या जोडप्याची जुळी आठवली की तेवढा पश्चात्तापसुद्धा डळमळतो. डबा मात्र मी पुसला. दोनशेच्या वर नजरा होत्या. पुसायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पण त्या दुपारचं एक राहिलं. मुग्धा उठली, ओढणी सारखी केली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"आणि माझी?" तिने विचारलं. "मी त्याच्याकडे बघते ती? ती पण उसनी होती का?"

मी म्हणाले, "नाही. ती तेव्हाचीच आहे. अंतरपाट बाजूला झाला तेव्हाची. तुझी खरी होती."

ती पुन्हा खुर्चीत बसली. "तेवढी काढून द्या. आधी काही नको, नंतर काही नको."

"अगं, नुसत्या नजरेचं काही कळत नाही," मी म्हणाले. धंद्यातला पहिला धडा तोच. पुढे काय जोडतो त्यावर सगळं असतं. "समोर कोण आहे, काय आहे, काहीच समजणार नाही."

"मला समजेल."

मी कापायला घेतली. वेग कमी केला नाही, रंग लावला नाही, सनई घातली नाही. मूळचा आवाज ठेवला. गुरुजी सावधान म्हणतायत, मागे कुणीतरी पाणी मागतंय, अक्षतांचे दाणे तिच्या केसांत अडकतायत. ती बघतेय. शेवटी तिची पापणी लवते. पहिल्या फिल्ममध्ये मी त्याच्या आतच कापलं होतं. या वेळी ती तशीच राहू दिली.